ट्यूबचं टोक नेमकं कुठं? एक्सरेवरच्या मापाची रिलायबिलिटी तपासणारा स्टडी कसा करायचा

आयसीयूत पेशंट इनट्यूबेट झाला, म्हणजे श्वासासाठी ट्रेकियात (श्वासनलिकेत) ट्यूब घातली, की पोर्टेबल एक्सरे होतो, आणि राउंडला तीन जण तीन आकडे सांगतात. एकाला टोक कॅरिनाच्या (ट्रेकिया जिथे दोन फुफ्फुसांकडे जाणाऱ्या दोन मेन ब्रॉन्कसमध्ये फुटतो त्या जागेच्या) वर दोन सेंटीमीटर दिसतं, दुसऱ्याला साडेतीन, तिसरा लांबूनच बघून "ठीके" म्हणून पुढच्या बेडकडे जातो. मग कोणीतरी ट्यूब एक सेंटीमीटर ओढतो आणि दुसऱ्या दिवशीचा एक्सरे बघून दुसराच कोणीतरी ती परत आत ढकलतो. ट्यूब खरंच हलली होती का फक्त मोजणारा माणूस बदलला होता, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न थीसिससाठी किंवा छोट्या पेपरसाठी झकास आहे. खर्च जवळपास नाही, फिल्म आधीच पॅक्समध्ये (हॉस्पिटलच्या एक्सरे साठवायच्या सिस्टिममध्ये) पडलेल्या असतात, आणि उत्तर उद्याच्या राउंडला वापरता येतं. पण रिलायबिलिटी स्टडी, म्हणजे तीच फिल्म परत मोजली की तोच आकडा येतो का हे तपासणं, दिसतो तेवढा सोपा नसतो. बहुतेक स्टडी बिघडतात ते स्टॅटिस्टिक्समध्ये नाही, त्याच्या कितीतरी आधी, "टोक म्हणजे काय" हेच ठरवलेलं नसतं तिथे. म्हणून खाली मी पहिल्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवलाय, सॉफ्टवेअरचं शेवटी थोडक्यात आहे.

आधी प्रश्न नीट ठरवा

"एक्सरेवर ट्यूबची पोझिशन मोजण्यात किती एकमत आहे" हा अजून प्रश्न झाला नाही, हा विषय झाला. प्रश्न असा पाहिजे: हा आकडा बघून कोण काय निर्णय घेणार? मोठ्या माणसांत मान सरळ असताना टोक कॅरिनाच्या साधारण ५ सेंटीमीटर वर असावं, २ सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३ ते ७ ची पट्टी. ३ च्या खाली गेलं की ओढायचा विचार, ७ च्या वर गेलं की कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा) व्होकल कॉर्डच्या जवळ येतो आणि ट्यूब बाहेर पडायची भीती. म्हणजे दोन वाचकांमधला फरक २ मिलिमीटर असेल तर कुणाला काही फरक पडत नाही, पण एक सेंटीमीटर असेल तर काही पेशंटचा निर्णयच उलटा होतो. हा "किती फरक चालेल" चा आकडा डेटा बघायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका. नंतर लिहिला तर तो नेहमी आपल्या रिझल्टला सोयीचाच निघतो.

प्रश्नातच अजून एक गोष्ट ठरते. एकच माणूस तीच फिल्म परत बघून तेच सांगतो का, ते इंट्राऑब्झर्व्हर. दोन वेगळी माणसं तेच सांगतात का, ते इंटरऑब्झर्व्हर. दोन्ही घ्या. मोजायची पद्धत ढिली असेल तर आधी इंट्रामध्येच कळतं, कारण जो स्वतःशीच सहमत नाही तो दुसऱ्याशी काय होणार.

आणि हे पक्कं डोक्यात ठेवा की एकमत म्हणजे अचूकपणा नव्हे. दोन घड्याळं दोन्ही पाच मिनिटं मागे असली तर एकमेकांशी छान जुळतात, गाडी मात्र चुकते. पोर्टेबल फिल्ममध्ये हे अगदी असंच होतं. डिटेक्टर पेशंटच्या पाठीखाली असतो, कॅरिना त्याच्यापासून काही सेंटीमीटर पुढे, त्यामुळे सगळं थोडं मोठं दिसतं. एक्सरे ट्यूबपासून डिटेक्टर १०० सेंटीमीटर आणि कॅरिना डिटेक्टरपासून १० सेंटीमीटर धरली तर मॅग्निफिकेशन १०० भागिले ९०, म्हणजे १.११, आणि खरे ५ सेंटीमीटर फिल्मवर साडेपाचच्या थोडे वर दिसतात. सगळे वाचक तेच बघतात म्हणून एकमत उत्तम येईल, आणि सगळेच सारखे चुकलेले असतील. अचूकपणा तपासायचा असेल तर ब्रॉन्कोस्कोपने टोक ते कॅरिना मोजून त्याच्याशी तुलना करावी लागेल, तो वेगळा स्टडी आहे, त्याचं रिपोर्टिंगही वेगळं. एकाच थीसिसमध्ये दोन्ही कोंबू नका.

अजून एक, हे लिहायची गरज पडू नये पण पडते. ट्यूब ट्रेकियात आहे की अन्ननलिकेत हे समोरून काढलेल्या एक्सरेवर ठरवत नाहीत, ते वेव्हफॉर्म कॅप्नोग्राफीचं (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं) काम. एक्सरे सांगतो खोली. तुमच्या इंट्रोडक्शनमध्ये ही सरमिसळ दिसली तर कुठलाही ॲनेस्थेशियाचा परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल.

व्याख्या, म्हणजे या सगळ्या कामाचा जीव

आता एक फिल्म उघडा आणि ट्यूबच्या टोकाशी भरपूर झूम करा. ट्यूबच्या बाजूने एक पांढरी रेडिओपेक रेघ जाते, ती खाली येऊन संपते. पण ट्यूबचं टोक सरळ कापलेलं नसतं, तिरकं असतं, तोच बेव्हल. लांब बाजू आणि आखूड बाजू यांच्यात मोठ्या ट्यूबला जवळपास सेंटीमीटरभर फरक पडतो. आता सांगा, टोक कुठलं धरणार? रेघ संपते ते? बेव्हलची सगळ्यात खालची कड? का बेव्हलच्या मधोमध? तीन वाचकांनी तीन ठिकाणी कर्सर ठेवला तर स्टडी सुरू व्हायच्या आधीच सेंटीमीटरचा घोळ झाला, आणि आपण वर म्हटलं की सेंटीमीटर हाच निर्णय बदलणारा फरक.

माझं मत, सगळ्यात खालची दिसणारी कड धरावी, कारण ब्रॉन्कसमध्ये पहिली शिरणार ती. पण तुम्ही दुसरं काही ठरवलंत तरी चालेल, फक्त लिहून आणि चित्र काढून ठरवा.

कॅरिनाचंही तेच. दोन मेन ब्रॉन्कसच्या आतल्या कडा जिथे भेटतात तो बिंदू, असं लिहा. धूसर फिल्ममध्ये तो बिंदू थेट दिसत नाही, मग डाव्या मेन ब्रॉन्कसची खालची कड पकडून मध्याकडे यायचं आणि उजव्या बाजूची कड जिथे मिळते तिथे थांबायचं. हे करायची परवानगी आहे की नाही तेही लिहा. तेवढं करूनही दिसली नाही तर "कॅरिना दिसत नाही" असा ऑप्शन हवाच, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही. रोजच्या कामात अशा वेळी लोक मणक्यांवरून अंदाज काढतात, बहुतेक मोठ्या माणसांत कॅरिना पाचव्या ते सातव्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्याच्या पातळीत पडते म्हणून टोक तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास असेल तर निर्धास्त राहतात. ते वॉर्डात ठीक आहे, पण स्टडीत तो वेगळा कॉलम करा, सेंटीमीटरच्या कॉलममध्ये मिसळू नका.

अंतर कसं मोजायचं? टोकापासून कॅरिनापर्यंत सरळ रेघ का ट्रेकियाच्या वळणाने? सरळ रेघ सोपी आणि परत परत तशीच काढता येते, तीच घ्या. आकडा एका दशांशापर्यंत. टोक कॅरिनाच्या खाली ब्रॉन्कसमध्ये गेलं असेल तर आकडा उणे. हे उणेचं आधी ठरवलेलं नसलं की कोणी शून्य लिहितो, कोणी "आरएमबी" (राइट मेन ब्रॉन्कस) लिहितो, आणि शेवटी शीट साफ करताना डोक्याला हात लावायची वेळ येते.

मान कुठे होती ते प्रत्येक फिल्मवर टिपा

हा भाग बरेच लोक सोडून देतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्यूब ओठाशी बांधलेली असते, त्यामुळे हनुवटी खाली आली की टोक खाली जातं, हनुवटी वर गेली की टोक वर येतं. १९७६ मध्ये कॉनरार्डी आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. सरळ मानेपासून पुढे वाकवली तर साधारण २ सेंटीमीटर खाली, मागे केली तर साधारण २ सेंटीमीटर वर. म्हणजे पूर्ण वाकलेली ते पूर्ण मागे, जवळपास ४ सेंटीमीटरचा प्रवास, आणि ओठाशी मार्क २१ चा २१ च. ३ ते ७ मधला खालचा आकडा ३ का, याचं कारणही इथेच आहे, मान वाकली तरी एक सेंटीमीटर शिल्लक राहतो.

फिल्मवर मान कशी ओळखायची? जबड्याच्या हाडाची खालची कड बघा. ती पाचव्या-सहाव्या सर्व्हायकल (मानेच्या) मणक्यावर असेल तर मान साधारण सरळ, पहिल्या-दुसऱ्या थोरॅसिकपर्यंत उतरली असेल तर वाकलेली, चौथ्या सर्व्हायकलच्या वर किंवा फिल्मच्या बाहेरच असेल तर मागे. प्रत्येक वाचकाने हे तीनपैकी एक टिपायचं. दोन वाचक एकाच फिल्मवर मोजतात तेव्हा मान दोघांसाठी सारखीच असते, म्हणून आयसीसीवर (इंट्राक्लास कोरिलेशन, वाचकांच्या एकमताचा आकडा, १ च्या जितका जवळ तितकं चांगलं) याचा परिणाम दिसणार नाही. पण डिस्कशन लिहिताना हाच कॉलम तुम्हाला वाचवतो, कारण तेव्हा तुम्ही सांगू शकता की वाचकांचा फरक अर्ध्या सेंटीमीटरचा आहे आणि मानेचा दोनचा, मग भांडायचं कशावर.

फिल्म निवडणं

ठरवलेल्या तारखेपासून सलग येतील तशा घ्या. "चांगल्या दिसतात त्या" निवडल्या की स्टडी तिथेच संपला. फिरलेला पेशंट, छातीवर ईसीजीच्या वायरी, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) एकमेकांवर, दोन्ही फुफ्फुसं पांढरी, या सगळ्या फिल्म आत पाहिजेत कारण खरा गोंधळ तिथेच होतो. एका पेशंटची एकच फिल्म, इनट्यूबेशननंतरची पहिली. एकाच पेशंटच्या पाच फिल्म घेऊन नमुना फुगवला तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता ती पट्टी) खोटा अरुंद दिसतो.

लहान मुलं आणि मोठी माणसं एकत्र करू नका. बाळाचा ट्रेकियाच एवढुसा, तिथे तीन सेंटीमीटरची भाषा लागू होत नाही. शिवाय आयसीसीचं एक गुपित असं की नमुन्यात पेशंट-पेशंटमधला फरक जेवढा जास्त तेवढा आयसीसी आपोआप वाढतो, वाचक तितकेच ढिले असले तरी. बाळं आणि मोठी मिसळली की आकडा मस्त दिसतो आणि त्याला अर्थ काही नसतो.

किती फिल्म? गाईड म्हणतील "तीस घे". तसं नको, बोनेटचं २००२ चं सूत्र आहे, आयसीसीचा इंटरव्हल किती रुंद चालेल ते आधी ठरवायचं आणि त्यावरून संख्या काढायची. आयसीसी ०.८ अपेक्षित आणि ९५ टक्के इंटरव्हलची पूर्ण रुंदी ०.२ हवी असेल तर दोन वाचकांना ५१ फिल्म लागतात, तीन वाचकांना ३६. वाचक वाढवले की फिल्म कमी पुरतात. पण ब्लँड-आल्टमनच्या मर्यादा (दोन वाचकांतले बहुतेक फरक ज्या दोन आकड्यांच्या मधे बसतात ते) नीट काढायच्या तर जास्त लागतात: ५० फिल्मवर प्रत्येक मर्यादेची अनिश्चितता फरकांच्या एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) जवळपास अर्धी, १०० वर साधारण एक तृतीयांश. जमत असेल तर १०० घ्या. रेट्रोस्पेक्टिव्ह फिल्म आहेत, एका वाचकाचे दोन-तीन तास जास्त जातील एवढंच. न दिसणाऱ्या फिल्मसाठी थोडी जास्तीची भर आधीच धरा.

एथिक्स आणि नावं पुसणं

जुन्या फिल्म वापरतोय, पेशंटला काही करत नाही, म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका. एथिक्स कमिटीकडे जायचंच, कन्सेंट माफ करायचा की नाही ते कमिटी ठरवते, आपण नाही. आणि नाव पुसणं म्हणजे फाईलचं नाव बदलणं नव्हे. डायकॉम (एक्सरेच्या मूळ फाईलचा फॉरमॅट) हेडरमध्ये नाव, नंबर, जन्मतारीख असतं ते काढायचं, आणि पोर्टेबल फिल्मवर पुष्कळदा नाव थेट चित्रातच छापलेलं असतं, कोपऱ्यात, ते हेडर साफ करून जात नाही, काळी पट्टी मारावी लागते. अभ्यास क्रमांक आणि खरा नंबर जोडणारी यादी वेगळ्या पासवर्डच्या फाईलमध्ये, आणि ती वाचकांकडे नाही.

इथेच एक तांत्रिक सूचना. सोपं पडतं म्हणून स्क्रीनशॉट काढून जेपीजी बनवू नका. डायकॉममध्ये एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर ही माहिती असते, जेपीजीत ती जाते आणि मग मोजपट्टी काहीही सांगते. जुन्या सिस्टिममधून जेपीजीच मिळत असेल तर निदान ट्यूबच्या रुंदीवरून स्केल लावा, ट्यूबवर आतला व्यास असतो तसा बाहेरचाही व्यास छापलेला असतो, पण त्यासाठी कुठली ट्यूब घातली होती ते नोंदीत सापडलं पाहिजे. एवढी खटपट करण्यापेक्षा रेडिओलॉजीच्या टेक्निशियनशी गोड बोलून डायकॉम मिळवलेलं बरं.

वाचक कोण, आणि त्यांना बसवायचं कसं

रोज जे लोक निर्णय घेतात तेच वाचक पाहिजेत. दोन सिनियर रेडिओलॉजिस्ट घेतले तर आकडा देखणा येईल, पण रात्री दोन वाजता फिल्म बघतो तो रेसिडेंट. माझ्या हिशोबाने एक रेडिओलॉजिस्ट, एक इंटेन्सिव्हिस्ट आणि एक दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट ही बरी जोडणी. स्वतः इन्व्हेस्टिगेटर वाचक असेल तर चालतं, पण त्याने फिल्म निवडलेल्या नसाव्यात.

स्टडीबाहेरच्या दहाएक फिल्म घेऊन सगळ्यांनी एकत्र बसून मोजा. बेव्हलची खालची कड, कॅरिनाचा बिंदू, उणे आकडा, सगळं यात निघतं. इथे भांडण झालं तर उत्तम, व्याख्या सुधारा आणि मगच खरी फिल्म उघडा. त्यानंतर एकमेकांशी फिल्मबद्दल बोलणं बंद, अगदी चहा घेतानाही.

प्रत्येक वाचकाला फिल्मचा क्रम वेगळा, रँडम. पेशंटचा रिपोर्ट, ओठाशी किती सेंटीमीटरवर बांधली, हे काही दिसायला नको. "२१ ला बांधलीय" माहीत असलं की डोळा आपोआप बरोबर जागी टोक शोधतो. दुसरी फेरी किमान दोन आठवड्यांनी, नव्या क्रमाने, पहिल्या फेरीचे आकडे न दाखवता.

आता एक गोष्ट जी प्रोटोकॉलमध्ये क्वचित दिसते आणि प्रत्यक्षात पुष्कळदा घडते. पहिला वाचक पॅक्सवर रेघ मारतो, सॉफ्टवेअर ती रेघ फिल्मसोबत सेव्ह करतं, आणि दुसरा वाचक फिल्म उघडतो तर पहिल्याची रेघ आकड्यासकट समोर. आयसीसी ०.९९ आला की आधी हे तपासा. उपाय सोपा, प्रत्येक वाचकाला फिल्मची वेगळी कॉपी, किंवा केवळ वाचण्याची परवानगी असलेला व्ह्यूअर. मॉनिटर एकच ठेवा, खोलीतला उजेड साधारण सारखा. ब्राइटनेस-काँट्रास्ट बदलायची आणि काळं-पांढरं उलटं करायची मुभा द्यायची असेल तर सगळ्यांना द्या, कारण उलट्या फिल्मवर काहींना कॅरिना पटकन दिसते.

शीट

एका ओळीत एकच वाचन. फिल्म नंबर, वाचक, फेरी, कॅरिना दिसते का, अंतर, मान, आणि शेवटी निर्णय: ओढा, ढकला, राहू द्या. हा निर्णयाचा कॉलम नक्की ठेवा, तो वाचकाने स्वतःच्या डोक्याने भरायचा, आकड्यावरून एक्सेलने नाही. एकाच ३.१ ला एकजण मान वाकलीय म्हणून राहू देतो आणि दुसरा घाबरून ओढतो, हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

"दिसत नाही" साठी कोड ठेवा. रिकामं नको आणि शून्य तर मुळीच नको, कारण शून्य म्हणजे टोक कॅरिनावर टेकलंय असा अर्थ होतो आणि तो शून्य बिनबोभाट सरासरीत शिरतो.

ॲनालिसिस: आधी चित्र, मग आकडे

पीअर्सन कोरिलेशन काढू नका. दुसरा वाचक प्रत्येक फिल्मला पहिल्यापेक्षा बरोबर १ सेंटीमीटर जास्त सांगत असेल तरी कोरिलेशन १ येतं, आणि आपल्याला तर तोच एक सेंटीमीटर पकडायचाय.

पहिलं काम ब्लँड-आल्टमन प्लॉट. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी मांडला आणि एक्सेलमध्येही होतो. आडव्या अक्षावर दोन वाचकांची सरासरी, उभ्यावर दोघांतला फरक. हाताने करून बघायला सरावाचे सहा फरक घ्या: ०.२, उणे ०.३, ०.५, ०.१, ०.४, ०.३. सरासरी ०.२, म्हणजे एकजण कायम थोडा जास्त मोजतोय. एसडी ०.२८. तिला १.९६ ने गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना लावा, मर्यादा आल्या उणे ०.३५ ते ०.७५. आता प्रोटोकॉल उघडा, किती फरक चालेल म्हणून लिहिलं होतं? एक सेंटीमीटर? मग या सरावाच्या आकड्यांत दोघे एकमेकांच्या जागी चालतील. मर्यादा उणे १.४ ते १.८ आल्या असत्या तर चालले नसते, आयसीसी कितीही गोड असो. प्लॉट नुसता काढून सोडू नका, डोळ्यांनी बघा. फरक एका टोकाला पसरत जातोय का, दोन-तीन फिल्म फार लांब पडल्यात का. लांब पडलेली प्रत्येक फिल्म परत उघडून कारण लिहा, सापडतं ते बहुतेक वेळा असंच काही, रायल्स ट्यूबची रेघ ईटी (एंडोट्रेकियल, म्हणजे श्वासाच्या) ट्यूबची समजून मोजली.

मग आयसीसी. श्रॉउट आणि फ्लाईस यांनी १९७९ मध्ये सहा प्रकार दिले आणि तेव्हापासून लोक चुकीचा निवडतायत. आपल्याला हवा तो टू-वे रँडम, ॲब्सोल्यूट ॲग्रीमेंट, सिंगल मेजर. रँडम कारण उद्या दुसरेच डॉक्टर वाचणार, ॲब्सोल्यूट कारण एक सेंटीमीटरचा कायमचा फरक पकडायचाय, सिंगल कारण राउंडला तिघांची सरासरी कोणी काढत नाही. एसपीएसएस आपणहून टू-वे मिक्स्ड आणि कन्सिस्टन्सी लावून ठेवतं, ते हाताने बदलावं लागतं. आउटपुटमध्ये सिंगल आणि ॲव्हरेज असे दोन आकडे शेजारी येतात, ॲव्हरेजवाला नेहमी मोठा असतो, तो उचलायचा मोह आवरा. आर वापरत असाल तर सायक पॅकेज सहाच्या सहा दाखवतं.

कू आणि ली यांच्या २०१६ च्या पट्ट्या बऱ्याच जणांना पाठ असतात, ०.५ खाली वाईट, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगला, त्यावर उत्तम. पण त्या पट्ट्या इंटरव्हलला लावायच्या. समजा ०.८२ आला आणि इंटरव्हल ०.६६ ते ०.९१, तर "चांगला" लिहून मोकळं होता येत नाही, मध्यम ते उत्तम यातलं काहीही असू शकतं असं लिहावं लागतं.

आयसीसी परत सेंटीमीटरमध्ये आणा, नाहीतर नर्सिंग स्टाफला आणि रेसिडेंटला त्याचा उपयोग शून्य. एसडी गुणिले (एक वजा आयसीसी) या वजाबाकीचं वर्गमूळ, हा मापाचा स्टँडर्ड एरर. एसडी १.५ आणि आयसीसी ०.८५ धरला तर ०.५८ येतो. त्याला २.७७ ने गुणलं की १.६ सेंटीमीटर. अर्थ असा की कालच्या आणि आजच्या फिल्ममध्ये, दोन वेगळ्या माणसांनी मोजलेला, १.६ पेक्षा कमी फरक हा नुसत्या मोजण्याचाही असू शकतो. मान धरलीच नाही यात. मग राउंडला "ट्यूब एक सेंटीमीटर वर आलीय" ऐकलं की ट्यूबला हात लावायच्या आधी ओठाशी मार्क बघायचा, जबड्याची कड बघायची, दोन्ही फिल्म एकाच माणसाने शेजारी ठेवून मोजायच्या. ट्यूब विनाकारण पुढेमागे करणं फुकटचं नसतं, त्यासाठी फिक्सेशन सुटतं, कफ सोडून परत भरावा लागतो, प्रेशर परत २० ते ३० सेंटीमीटर पाण्यावर तपासावं लागतं, आणि या धांदलीतच ट्यूब निसटते.

कापा आणि त्याचा फसवा चेहरा

ओढा-ढकला-राहू द्या या कॉलमला कापा (नशिबाने होणारं एकमत वगळून खरं एकमत किती ते सांगणारा आकडा) लागतो, दोन वाचकांना कोहेनचा, तिघांना फ्लाईसचा. गंमत अशी की बहुतेक ट्यूब ठीकच असतात आणि तिथे कापा कोसळतो. समजा १०० फिल्म. ९० ला दोघे "राहू द्या" म्हणतात, २ ला दोघे "ओढा", ४ ला फक्त पहिला "ओढा" म्हणतो आणि ४ ला फक्त दुसरा. एकमत ९२ टक्के. कापा? नशिबाने होणारं एकमतच ८८.७ टक्के निघतं, म्हणून कापा फक्त ०.२९. गाईड बघून म्हणणार काहीतरी चुकलंय, तर चुकलेलं काही नाही, फाइनस्टाइन आणि सिकेटी यांनी १९९० मध्येच हा पेच दाखवून ठेवलाय.

लपवू नका, उलट फोडून सांगा. "राहू द्या" वर एकमत ९६ टक्के, "ओढा" वर फक्त ३३ टक्के. हाच तर खरा निष्कर्ष! ठीक असलेली ट्यूब सगळ्यांना ठीक दिसते, ओढायच्या ट्यूबवर मात्र एकाने तीनदा "ओढा" म्हटलं तर दुसऱ्याचं एकदाच जुळतं. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या पट्टीत ०.२९ ला "फेअर" म्हणतात, ते लिहिलंत तरी चालेल पण त्यातून पेशंटबद्दल काहीच कळत नाही, वरच्या दोन टक्केवाऱ्यांतून कळतं.

लिहिताना

रिलायबिलिटी स्टडीसाठी २०११ ची ग्रास नावाची चेकलिस्ट आहे, ती समोर ठेवून मेथड्स लिहा. स्टार्ड २०१५ ही डायग्नोस्टिक ॲक्युरसीची, ब्रॉन्कोस्कोपशी तुलना केली असेल तरच. किती फिल्म पाहिल्या, किती गाळल्या आणि का, किती फिल्ममध्ये कोणाला कॅरिना दिसली नाही, हे रिझल्टच्या पहिल्याच परिच्छेदात. न दिसलेल्या फिल्म गुपचूप काढल्या की आयसीसी वाढतो, म्हणून वाचणारा पहिल्यांदा तेच शोधतो. "एकाला दिसली, दुसऱ्याला नाही" अशा फिल्मचा आकडा वेगळा द्या, तोही एकमताचाच भाग आहे.

व्याख्येचं चित्र पेपरमध्ये टाका, बेव्हलच्या खालच्या कडेवर आणि कॅरिनावर बाण काढलेली एक फिल्म, नाव नीट पुसलेली. दुसऱ्या कोणाला तुमचा स्टडी परत करायचा तर त्याला तुमच्या पी व्हॅल्यूपेक्षा तो बाण जास्त कामाचा.

हेच काम प्रॉस्पेक्टिव्ह करणार असाल, म्हणजे पेशंट अजून बेडवर असताना वाचक फिल्म बघणार असतील, तर प्रोटोकॉलमध्ये एक ओळ वाढवावीच लागते. टोक मेन ब्रॉन्कसमध्ये दिसलं, डावं फुफ्फुस कोसळलेलं दिसलं, तर ब्लाइंडिंग (वाचकाला बाकी माहिती न कळू देणं) गेलं खड्ड्यात, वाचकाने त्याच मिनिटाला ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन करायचा. कुणाला, कुठल्या नंबरवर, आणि त्या वाचनाचं नंतर डेटात काय करायचं, हे तिघा वाचकांना पहिली फिल्म उघडायच्या आधी छापील कागदावर द्या.